पार्सल बांधणारे हात आणि पासवर्ड धरणारे हात

गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांमधून एक नवी गोष्ट उभी राहिली आहे. जयभीम छापलेले टी-शर्ट, बाबासाहेबांच्या फ्रेम, बुद्धमूर्ती, पंचशील ध्वज, दिनदर्शिका, डायऱ्या आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे पुस्तके, हे सगळे मोबाइलवरून विकणारी आपली पोरे-पोरी आता गावोगावी आहेत. दोन मित्र, नवरा-बायको, बहीण-भाऊ किंवा अभ्यासिकेतले तिघे-चौघे एकत्र येतात, पाच-दहा हजार रुपये गोळा करतात, इन्स्टाग्रामवर पेज काढतात, व्हॉट्सअॅपवर ऑर्डर घेतात आणि १४ एप्रिलच्या आधी माल भरतात.

आम्हाला याचे कौतुक आहे, आणि त्याला कारण आहे. १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडून बाबासाहेब मुंबईला आले, तेव्हा पोटापाण्यासाठी त्यांनी शेअर-रोख्यांविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय करून पाहिला. सल्ला देणारा माणूस अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक यायचे थांबले आणि तो व्यवसाय बंद पडला. कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेल्या माणसाची ही गत! आज आपले पोरगे ज्याला माल विकते, तो गिऱ्हाईक पैसे भरण्याआधी आडनाव विचारत नाही. बाजाराचे हे दार थोडे का होईना किलकिले झाले आहे. ते आपण उघडलेच पाहिजे.

पण मित्रांनो, आज आम्ही दाराबाहेरच्या शत्रूबद्दल बोलणार नाही. दाराच्या आत काय चालले आहे त्याबद्दल बोलणार आहोत. प्रश्न साधा आहे. आपल्या या दुकानांत पार्सल कोण बांधतो आणि पासवर्ड कोणाकडे असतो?

समाजकार्याच्या निमित्ताने भागीदारीतली भांडणे आमच्यापर्यंत येतात. माणसे वेगळी, गावे वेगळी, पण गोष्ट जवळपास तीच. एक जण डिझाइन ठरवतो, छपाईवाल्याशी भाव करतो, बँकेचे खाते पाहतो, जयंतीच्या कार्यक्रमात स्टेजवर जाऊन 'फाउंडर' म्हणून शाल-पुष्पगुच्छ घेतो. दुसरा किंवा दुसरी गठ्ठे सोडते, साईज तपासते, घड्या घालते, चिकटपट्टी लावते, पत्ता लिहिते, कुरिअरच्या रांगेत उभी राहते, परत आलेली पार्सले पुन्हा उघडते आणि 'माल अजून आला नाही' म्हणून ओरडणाऱ्या गिऱ्हाइकाला रात्री अकरा वाजता समजावते. पहिल्याला लोक मालक म्हणतात. दुसऱ्याबद्दल विचारले, तर उत्तर येते, "ती काय, मदत करते."

ही 'मदत' नावाची चीज आम्हाला मुळीच मान्य नाही. जिच्याशिवाय एकही पार्सल घराबाहेर पडत नाही, ती मदत कशी? शेतात राबणाऱ्या बाईला सातबाऱ्यावर जागा नसते आणि तिच्या राबण्याला मदत म्हणतात. तीच युक्ती आता आपण ऑनलाइन दुकानात आणली आहे. फरक एवढाच की तिथे सातबारा होता, इथे ओटीपी येणारे सिमकार्ड आहे.

कोणी म्हणेल, "अहो, धंदा आहे, कामाची विभागणी करावीच लागते. यात जात आणि पितृसत्ता कुठून आणली?" चांगला प्रश्न आहे. याचे उत्तर बाबासाहेबांनी १९३६ मध्येच 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या न झालेल्या भाषणात देऊन ठेवले आहे. जातीचे समर्थक तेव्हाही हेच म्हणत होते की प्रत्येक समाजाला श्रमविभागणी लागते. बाबासाहेबांनी दाखवून दिले की जात कामे वाटून थांबत नाही, ती काम करणारी माणसेच वेगवेगळ्या कप्प्यांत कोंबते आणि ते कप्पे एकावर एक रचते. माणसाची आवड, त्याची कुवत, त्याची निवड यांना तिथे जागा नसते.

ही कसोटी हातात घ्या आणि आपल्या दुकानाला लावून पाहा. तुमच्या भागीदारीत जे काम ज्याच्याकडे आहे, ते त्याने निवडले होते का? त्याला ते बदलता येते का? त्या कामाला दुसऱ्या कामाइतकाच मान आणि मोबदला आहे का? तिन्ही उत्तरे 'हो' असतील तर तुमच्याकडे श्रमविभागणी आहे, अभिनंदन. तिन्ही 'नाही' असतील, तर तुमच्या दुकानाच्या बोर्डावर बाबासाहेब आहेत आणि आत मनू बसला आहे.

"पण त्याला कॉम्प्युटर येतो, हिला येत नाही," असे उत्तर हमखास येते. कौशल्याचे हे कारण आपल्या आजोबा-पणजोबांनी फार ऐकले आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात पगार चांगला होता. त्या खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत. कारण काय? तुटलेला धागा तोंड लावून ओढावा लागे, म्हणजे विटाळ! म्हणून आपली माणसे सूतकताईच्या कमी पगाराच्या कामावर राहिली. ज्याला त्या खात्यात पाऊलच टाकू दिले नाही, त्याला विणकाम येणार कसे? १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. मजुरांच्या एकीची भाषा करणाऱ्या पुढाऱ्यांना त्यांनी विचारले की मजुरामजुरांतला हा भेद तुम्ही का खपवून घेता? आज तोच प्रश्न आपल्याला विचारावा लागेल. जिच्या हातात तुम्ही कधी लॅपटॉप दिला नाही, तिला हिशोबाचे कोष्टक येत नाही म्हणून तुम्ही कोणत्या तोंडाने सांगता? कुशलता जन्माने येत नाही, ती संधीने येते. हे वाक्य आपण आरक्षणाच्या बाजूने रोज बोलतो. घरातही बोला.

आता कायद्याकडे वळू. आपण संविधानाचे नाव घेणारे लोक आहोत, मग ज्या कायद्याखाली आपले दुकान चालते तो एकदा तरी वाचायला नको? भारतीय भागीदारी अधिनियम १९३२ चा आहे. त्याच्या कलम ५ मध्ये एक फार मोलाचे तत्त्व आहे. भागीदारीचे नाते करारातून जन्माला येते, दर्जातून नाही. म्हणजे तुम्ही कोणाचे पुत्र, कोणाची बायको, कोणाचे धाकटे भाऊ आहात यामुळे तुम्ही भागीदार होत नाही. त्या कलमात एकत्र हिंदू कुटुंबाचा आणि ब्रह्मदेशातल्या बौद्ध पती-पत्नींचा नाव घेऊन उल्लेख आहे. केवळ त्या नात्याने एकत्र धंदा करणारे लोक भागीदार ठरत नाहीत, असे ते कलम सांगते. याचा अर्थ आपल्या ताईंनी नीट समजून घ्यावा. दहा वर्षे पार्सले बांधली म्हणून नवऱ्याच्या धंद्यात तुम्ही आपोआप भागीदार होत नाही. करार लागतो.

आणि करार असेल तर? कलम १२ प्रमाणे प्रत्येक भागीदाराला धंद्याच्या कामकाजात भाग घेण्याचा आणि हिशोबाच्या वह्या पाहण्याचा, त्यांची नक्कल घेण्याचा हक्क आहे. कलम १३ प्रमाणे वेगळे काही ठरले नसेल तर नफा-तोटा सारखा वाटला जातो. मात्र त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे. वेगळे ठरले नसेल तर काम केल्याबद्दल भागीदाराला पगार मिळत नाही. म्हणजे एक जण दिवसाचे आठ तास राबला आणि दुसरा नुसता स्टेटस टाकत बसला, तरी कागद नसेल तर दोघांचा नफा सारखाच. शिवाय कलम २५ सांगते की संस्थेच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतो. छपाईवाल्याची उधारी कोणी केली हे न विचारता तो कोणाही भागीदाराच्या दारात उभा राहू शकतो. निर्णयात जिला विचारले नाही, कर्जात तिला बरोबर धरले जाते. हा कसला न्याय?

यात सरकारी योजनांचा एक पदर आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या स्टँड-अप इंडिया योजनेत अनुसूचित जाती-जमातींच्या आणि महिला उद्योजकांसाठी १० लाख ते १ कोटी रुपयांच्या कर्जाची तरतूद होती. व्यवसाय एकट्याचा नसेल तर किमान ५१ टक्के हिस्सा आणि नियंत्रण अशा व्यक्तीकडे असले पाहिजे, अशी अट होती. अट कशासाठी? सत्ता खरोखर वंचितांच्या हाती जावी म्हणून. अशा अटी दिसल्या की आपले काही बहाद्दर काय करतात? कागदावर बायकोचे, बहिणीचे नाव टाकतात, सही घेतात आणि चेकबुक आपल्या कपाटात ठेवतात. ग्रामपंचायतीत 'सरपंचपती' पाहून आपण हसतो ना? मग हा 'फाउंडरपती' कोण आहे? उच्चवर्णीयांनी आपल्या माणसाला मुखवटा बनवून राखीव जागेचा लाभ उचलला की आपण मोर्चा काढतो. तेच आपण आपल्या घरच्या बाईशी केले तर त्याला काय नाव द्यायचे?

थोडा हिशोब करू. समजा, एप्रिलच्या हंगामात एका दुकानाने ५०० टी-शर्ट विकले. एका ऑर्डरमागे साईज पाहणे, घडी घालणे, पाकीट भरणे, पत्ता चिकटवणे आणि गिऱ्हाइकाशी बोलणे मिळून १२ मिनिटे धरा. ५०० ऑर्डरची ६,००० मिनिटे झाली, म्हणजे पूर्ण १०० तास. डिझाइन दोन संध्याकाळी तयार होते. डिझाइनला आम्ही कमी लेखत नाही, चांगले डिझाइन नसेल तर माल खपणार नाही. पण १०० तासांना शून्य आणि दोन संध्याकाळींना मालकी, हे कोणत्या अर्थशास्त्रात बसते? त्यात घरकाम धरा. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो असे दिसले, तर असे काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. म्हणजे पार्सल बांधायला बसण्याआधीच आपल्या ताईचे पाच तास संपलेले असतात. भागीदारीत कामाची वाटणी करताना चूल, पाणी, लेकरू आणि म्हातारी माणसे यांचा हिशोब बाहेर ठेवलात, तर ती वाटणी सुरुवातीपासूनच खोटी आहे.

हा प्रश्न नुसत्या न्यायाचा नाही, धंदा टिकण्याचाही आहे. कॅश ऑन डिलिव्हरीचे उदाहरण घ्या. ऑर्डरचा आकडा फुगवायचा म्हणून फोन धरणारा भागीदार सगळ्यांना घरपोच पैसे द्यायची सोय देतो. अर्धे उत्साही गिऱ्हाईक जयंती झाली की फोन उचलत नाहीत. पार्सल परत येते, जाण्याचा आणि येण्याचा खर्च अंगावर पडतो, माल चुरगळतो. हे कोणाला पहिल्यांदा कळते? पार्सल उघडणाऱ्याला. कोणत्या भागातून माल जास्त परत येतो, कोणती साईज लहान निघते, कोणत्या छपाईचा रंग पहिल्या धुण्यात जातो, हे सगळे ज्ञान पार्सल बांधणाऱ्या हातांत असते. पण निर्णयाच्या बैठकीला त्या हातांना बोलावलेच जात नाही. मग पुढच्या वर्षी तीच चूक आणि तोच तोटा. दिनदर्शिका आणि डायरीच्या बाबतीत तर आणखी कठीण. जानेवारी उलटला की तो माल रद्दी. ज्ञान एकीकडे आणि अधिकार दुसरीकडे अशी फारकत जातिव्यवस्थेने या देशात करून ठेवली आणि देश बुडवला. दुकान तर फारच लहान गोष्ट आहे.

काही कार्यकर्ते म्हणतील, "धंद्यात लोकशाही चालत नाही, निर्णय एकानेच घ्यावा लागतो." आम्ही मान्य करतो की प्रत्येक ऑर्डरला सभा भरवता येत नाही. खरेदीचा भाव एकानेच ठरवावा, हिशोब एकानेच लिहावा, गिऱ्हाइकाच्या तक्रारीला एकानेच उत्तर द्यावे. पण त्या एकाला हे काम दिले कोणी, किती दिवसांसाठी दिले आणि तो उत्तर कोणाला देतो? याची व्यवस्था भगवान बुद्धांच्या भिक्खू संघात होती. भोजनाची वाटणी, निवासाची वाटणी, भांडाराची राखण अशी कामे वेगवेगळ्या भिक्खूंकडे असत. पण ती संघापुढे ठराव मांडून, संघाच्या संमतीने दिली जात. निवडीचा निकषही विनयात आहे. जो लोभाने, द्वेषाने, अज्ञानाने किंवा भीतीने पक्षपात करत नाही, त्यालाच ते काम द्यावे. जन्म, घराणे, पूर्वीची जात यांचा तिथे संबंध नव्हता. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी बौद्ध संघातल्या याच संसदीय रीतींची आठवण देशाला करून दिली होती. जी रीत अडीच हजार वर्षांपूर्वी संघाला जमली, ती तीन भागीदारांच्या दुकानाला का जमू नये?

दीघ निकायातले सिगालोवाद सुत्तही उघडून पाहा. त्यात काम देणाऱ्याची कर्तव्ये सांगताना पहिलेच कर्तव्य आहे ते ज्याच्या त्याच्या शक्तीप्रमाणे काम नेमून देण्याचे. मग अन्न-वेतन, आजारपणात काळजी आणि वेळेवर सुट्टी. पतीच्या कर्तव्यांत पत्नीच्या हाती अधिकार सोपवणे आहे. सुत्तातली घराची चौकट त्या काळची आहे, आपण तिथेच थांबायचे नाही. बाबासाहेब पुढे गेले. २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी आपल्या आयाबहिणींना सांगितले की नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभ्या राहा, दासी होऊ नका. बरोबरीच्या माणसाच्या हाती तिजोरीची किल्ली नसेल, तर ती बरोबरी कसली?

सर्वांत घातक वाक्य मात्र वेगळेच आहे. "आपण आपलेच आहोत, जयभीमवाले आहोत, लिहून काय ठेवायचे?" मित्रांनो, बाबासाहेबांनी या देशाला लिहिलेले संविधान दिले, ते माणसांच्या चांगुलपणावर विसंबून राहिले नाहीत. आपण मात्र दोन भावांच्या व्यवहारात कागद मागितला की अविश्वास समजतो. कागद मागणे म्हणजे अपमान नाही. ज्याच्याकडे पैसा, पासवर्ड आणि ओळखी आहेत, त्याला कागदाची गरज पडत नाही. कागदाची गरज दुबळ्याला असते. म्हणून 'विश्वास ठेव' असे नेहमी वरचाच सांगतो, हे लक्षात घ्या.

आणि अशी भागीदारी मोडते तेव्हा पैसे तर बुडतातच, पण अभ्यासिका दोन गटांत फुटते, जयंतीच्या दोन वर्गण्या निघतात, एखादी होतकरू पोरगी पुन्हा कधीच धंद्याच्या वाटेला जात नाही. 'आपल्या लोकांना धंदा जमत नाही' म्हणायला बाहेरचे टपलेलेच असतात. चळवळीचे हे नुकसान कोणत्याही वहीत लिहिले जात नाही.

मग करायचे काय? आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे.

पहिले, कामांची यादी करा. माल आणणे, फोटो काढणे, माहिती लिहिणे, गिऱ्हाइकाला उत्तरे देणे, पॅकिंग, कुरिअर, परत आलेला माल, हिशोब, कर, तक्रारी, सगळे लिहा. महिनाभर प्रत्येकाने आपले तास लिहावेत. घरातले तासही लिहावेत. कागद समोर आला की 'मदत' हा शब्द आपोआप गळून पडतो.

दुसरे, कामे फिरती ठेवा. ज्याचे कौशल्य त्याने ते काम जरूर करावे, पण शेजारी दुसऱ्याला बसवून शिकवावे. एप्रिलमध्ये आणि ६ डिसेंबरच्या आधी सर्वांनी पॅकिंगला बसायचे, फाउंडरसाहेबांनी सुद्धा. वर्षातून निदान तीन महिने हिशोबाची वही दुसऱ्याच्या हातात जावी.

तिसरे, किल्ल्या सामाईक करा. दुकानाचे ईमेल आणि मोबाइल नंबर कोणा एकाचे खासगी नकोत, दुकानाचे हवेत. बँकेचे खाते संस्थेच्या नावावर आणि दोन सह्यांचे ठेवा. पासवर्ड किमान दोघांकडे असावा.

चौथे, भागीदारीचा करारनामा करा आणि निबंधक कार्यालयात संस्थेची नोंदणी करा. नोंदणी नसलेल्या संस्थेला करारातल्या हक्कासाठी दावा लावायला कलम ६९ आडवे येते. काम करणाऱ्या भागीदाराचा मोबदला करारनाम्यात स्पष्ट लिहा. कोणी बाहेर पडला तर त्याचा हिस्सा कसा काढायचा, पेजचे आणि नावाचे काय करायचे, हेही आधीच लिहा. भांडण झाल्यावर कोणी समजुतीने लिहीत नाही.

पाचवे, दर तीन महिन्यांनी बसा, वही उघडा, प्रत्येकाला बोलू द्या. पार्सल बांधणाऱ्याला सर्वांत आधी बोलू द्या.

हे सगळे केले तर धंदा वाढेलच अशी हमी आम्ही देत नाही. बाजार क्रूर आहे आणि भांडवल आपल्याकडे थोडे आहे. १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते. भांडवलशाहीशी आपल्या छोट्या दुकानाची गाठ रोज पडणार आहे, तिला आपण एका दिवसात हरवू शकत नाही. पण ब्राह्मणशाहीला आपल्या दुकानाच्या आत जागा द्यायची की नाही, हे तर पूर्णपणे आपल्या हातात आहे.

समतेचा टी-शर्ट विकणाऱ्यांनी तो विषमतेने घडी घालू नये. पुढच्या हंगामाचा माल भरण्याआधी सगळे भागीदार एकत्र बसा, कोरा कागद घ्या आणि पहिल्या ओळीवर त्या माणसाचे नाव लिहा, जिचे किंवा ज्याचे नाव आजवर कुठेच लिहिले गेले नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!